तागाला पाणी लावू नये

मी, सुमनबाई नथ्थू महाजन, वय त्रेसष्ट, राहणार मेहरूण, जळगाव, हे लिहून ठेवते. माझं शरीर थकलं आहे, डोकं थकलेलं नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. मजकूर माझा, टंकलेखन वकील चंदन काबरा यांच्या कार्यालयातलं. कलम चार वगळावं असं वकिलांचं मत पडलं. "अक्का, उद्या हे चारचौघांत वाचलं जाईल," ते म्हणाले. मी म्हटलं, त्यासाठीच तर लिहिते आहे.

१. मेहरूणमधलं राहतं घर माझे पती कै. नथ्थू पुना महाजन यांनी स्वकष्टाने बांधलं आणि त्यांच्या मागे ते माझ्या नावावर झालं. ते माझा एकुलता मुलगा योगराज याला द्यावं. तो नाशिकला असतो. त्याने इथे राहावं, विकावं, पाडावं. माझी अट नाही. मागच्या खोलीचं छप्पर गळतं, तेवढं बघावं.

२. बँकेतली ठेव नात मयुरी हिच्या शिक्षणासाठी. शिवणयंत्र शेजारीण खातून शेख हिला. ते तसंही गेली तीन वर्षं तिच्याच घरी आहे.

३. दोरखंडाचं दुकान. कासरे, दावी, केळीच्या झाडांना आधाराला बांधायच्या पट्ट्या, विहिरीतून पाणी ओढायचे जाड सोल, असा सगळा माल आम्ही ठेवायचो. दुकान बंद आहे. उरलेला माल खातूनच्या नवऱ्याने, रहीमभाईंनी न्यावा. मात्र माळ्यावरच्या लोखंडी पेटीला त्यांनी हात लावू नये. त्या पेटीबद्दल पुढे.

४. पेटीत नऊ दोर आहेत. चार तागाचे, तीन सुती, दोन नायलॉनचे, प्रत्येक सोळा हात. ते गुरांचे नाहीत. ते मला बांधण्याचे आहेत. माझे पती मला बांधायचे, आणि ते माझ्या सांगण्यावरून बांधायचे. हे वाक्य मी वकिलांना दोनदा वाचायला लावलं.

लग्नाला चार वर्षं झाली होती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी दोर मापत होते, त्यांनी चेष्टेत माझे हात गुंडाळले आणि लगेच सोडायला लागले. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या आजून. माले बरं वाटस." का बरं वाटलं ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. दिवसभर डोक्यात जी कालवाकालव असायची ती थांबायची, एवढं खरं. त्यांना आधी भीती वाटली. मग त्यांनी ते काम शिकून घेतलं, जसं दोर वळायचं शिकले होते तसं. कात्री कायम हाताशी. दर थोड्या वेळाने माझी बोटं धरून बघायचे, गार पडली का, मुंग्या येतात का. बांधायचं काम त्यांचं, दोर सांभाळायचं माझं. वीस वर्षं आमच्यात याचं कधी भांडण झालं नाही.

दोन हजार आठ साली योगराज धुळ्याला इंजिनिअरिंगला होता. परीक्षा पुढे ढकलली म्हणून न कळवता दुपारी घरी आला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने माझे बांधलेले हात पाहिले आणि समोर उभे असलेले वडील पाहिले. त्याने त्यांना भिंतीवर ढकललं. माझे हात सोडवताना तो रडत होता. "आई, कधीपासून मारतो हा माणूस तुला?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनगटांवर पदर ओढला आणि खाली बघत राहिले.

योगराज बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "सांगू का मी त्याले? नीट सांगसू."

मी म्हटलं, "नका. पोरगं माले काय म्हनी?"

ते म्हणाले, "बरं. मंग मन्हावर ऱ्हाऊ दे."

बाहेर जाऊन त्यांनी मुलापुढे हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माझं." वीस वर्षांच्या मुलापुढे. मी दाराआडून ऐकलं.

५. माझा भाऊ हिलाल, राहणार धरणगाव. योगराजने त्याला कळवलं. तिसऱ्या दिवशी तो दोन माणसं घेऊन आला आणि त्याने भर गल्लीत यांना माझे पाय धरायला लावले. शेजारपाजार बघत होता. यांनी पाय धरले, आणि धरताना अंगठा हलकेच दाबला, म्हणजे घाबरू नको. हिलालला माझ्या मिळकतीतलं काही देत नाही. या मृत्युपत्राची एक प्रत मात्र त्याला द्यावी. सतरा वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही आणि सगळे समजले की जुनं दुःख उकरायला नको म्हणून बोलत नाही. खरं तर त्याच्यावर रागावणं मला सोपं होतं. मी त्याला जे समजू दिलं त्यावर तो वागला.

६. त्यानंतर यांनी मला कधी बांधलं नाही. एकदा मीच तागाचा एक दोर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट गुंडाळला आणि परत दिला. "हात थरथरतात आता," म्हणाले. दुकानात मात्र हात थरथरत नव्हते. मी दर महिन्याला पेटी उघडून दोर साफ करत राहिले. ते खालून विचारायचे, "कसर तर नाही ना लागली?" मी म्हणायचे, "नाही." त्या दोरांबद्दल आमचं एवढंच बोलणं व्हायचं.

योगराज मला फोन करायचा, वडिलांचं नाव घ्यायचा नाही. दोन हजार बावीसमध्ये ते गेले, त्याआधी दवाखान्यात अकरा दिवस दाराकडे बघत होते. अग्नी पुतण्याने दिला. योगराज तिसऱ्या दिवशी आला, माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, "चल आई. सुटलीस तू."

मी त्याच्याबरोबर गेले नाही, पण खरं तेव्हाही सांगितलं नाही.

७. सुती आणि नायलॉनचे दोर धुळ्याच्या ज्योती वाघ हिला द्यावेत. ती बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर दुकानात आली आणि मऊ तागाचा दोर मागताना तिचे कान लाल झाले. मी काही विचारलं नाही. खुर्ची दिली, चहा केला आणि दोर कसा राखायचा ते सांगितलं. तिचं नाव तिला विचारूनच लिहिलं आहे. "लिहा अक्का, मी नाही घाबरत," ती म्हणाली. तिच्यासाठी पुन्हा लिहिते.

सुती दोर उशीच्या अभ्र्यात घालून कोमट पाण्यात, साध्या साबणाने धुवावा. पिळू नये. ताणून सावलीत वाळवावा, नाहीतर आखडतो आणि त्याच्या गाठी सुटत नाहीत. नायलॉन कसाही धुतला तरी चालतो, पण आचेजवळ नेऊ नये. त्याची वितळवलेली टोकं घासून गुळगुळीत करावीत, कातडीला ओरखडा येतो. नायलॉनची गाठ सरकते, तेव्हा लक्ष जास्त.

तागाला पाणी लावू नये. फडकं ओलसर करून पुसावा आणि वजन अडकवून टांगावा. कुसं, म्हणजे बारीक तंतू, वर आली तर दिव्याच्या ज्योतीवरून भरभर फिरवावा, थांबू नये. मग तळहातावर बाळाच्या मालिशचं तेल, दोनच थेंब. शेंगदाण्याचं नको, खवट होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी ठेवू नये. दर वेळी वापरण्याआधी सगळा दोर डोळे मिटून बोटांतून सोडावा. जिथे पोकळ लागेल तिथे तो आतून तुटलेला असतो.

आमचे चार तागाचे दोर मात्र कोणाला देऊ नयेत. वरून चांगले दिसतात, पण फार जुने झाले आहेत. त्यांचे वीतभर तुकडे करावेत, म्हणजे चुकूनही कोणी वापरणार नाही.

८. कलम चार कागदावर आलं त्या दिवशी मला वाटलं, हे मेल्यावर कळवणं म्हणजे पुन्हा दाराआड उभं राहणं. म्हणून वकिलांच्या कार्यालयातूनच योगराजला फोन लावला आणि सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग बाबा तेव्हा बोलले का नाहीत?"

मी म्हटलं, "त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं."

त्याने फोन ठेवला. आज तेरा दिवस झाले.

९. माझ्या अंत्यविधीला योगराजची वाट सूर्यास्तापर्यंत पाहावी. तो आला तर अग्नी त्याने द्यावा. नाही आला तर कोणीही द्यावा आणि त्याला कोणी बोल लावू नये. वडिलांच्या वेळी तो आला नाही ते माझ्यामुळे. माझ्या वेळी आला नाही तर तेही माझ्यामुळेच.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. साक्षीदारांसमोर सही करते आहे.

सही: सुमनबाई नथ्थू महाजन

आमच्यादेखत सही केली:
१. खातून रहीम शेख, मेहरूण, जळगाव
२. ॲड. चंदन काबरा, जळगाव

ठिकाण: जळगाव
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५