आईंचा शिरदाक बॉनेटवर

प्रिय मेदेर,

आधी बातमी, मग खुशाली. आपला ट्रक सुरू झाला! उणे चौतीसात! आणि तो मी सुरू केला. फोनवरच सांगणार होते, पण तू मधेच "अगं पण, अगं पण" करत बसतोस. म्हणून लिहितेय, आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

ट्रक विकत घ्यायला तू ठरवलेलं गिऱ्हाईक नारिनहून आलं. अकमत नाव, पोट पुढे, टोपी मागे. त्याने इंजिनाखाली निखाऱ्यांची परात सरकवली, तासभर शिव्या घातल्या, चावी फिरवली. ट्रक दोनदा खोकला आणि गप्प झाला. "वहिनी, ही गाडी नाही, खुराडं आहे. कोंबड्या पाळा हिच्यात!" माझं डोकंच फिरलं. तेरा हिवाळे तुझ्या शेजारी बसून मी काय नुसता चहाच ओतत होते? इंजिन ठणठणीत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तू सप्टेंबरात गेलास तेव्हा टाकीत उन्हाळी डिझेल होतं, ते गार पडलेल्या मटणाच्या रश्श्यासारखं थिजलं होतं. मी अकमतला म्हटलं, उद्या दुपारी चहाला या.

मग बॅटरी उचलून घरात चुलीपाशी आणली. शेजाऱ्यांकडून हिवाळी डिझेलचा कॅन मागून आणला, तोही आत घेतला. आई म्हणाल्या, "नवरा मॉस्कोत, आणि ही बॅटरीला पांघरूण घालतेय!" सकाळी फिल्टर काढून शेकला, टाकीची नळी सोडून कॅनमध्ये घातली, हातपंपाने हवा काढली, बॅटरी परत जोडली, खाली निखारे ठेवले. पण वारा सगळी ऊब पळवत होता. तेवढ्यात आई आतून त्यांच्या लग्नातला शिरदाक ओढत आल्या. ज्या गालिच्यावर त्या व्याह्यांनासुद्धा बसू देत नाहीत, तो त्यांनी बॉनेटवर टाकला! मी चावी फिरवली. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा ट्रक धडधडला. अंगणभर पांढरा धूर! आई मला मिठी मारून रडल्या आणि लगेच म्हणाल्या, "तेलाचा एक जरी डाग पडला ना, तर तुझी खैर नाही."

दुपारी अकमत आला, चालू इंजिन ऐकून त्याची टोपीच हातात आली. "वहिनी, आत्ताच्या आत्ता नेतो!" मी नाही म्हटलं.

रागावू नकोस. ट्रक विकून टाक, मी आता इकडेच कायमचं बघतो, असं तू म्हणालास, त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ही गाडी अंगणातून गेली की तूही गेलास, असंच वाटत राहिलं. म्हणून विकली नाही. तू थट्टेत काढून दिलेला ट्रक चालवायचा परवाना ट्रंकेतून काढलाय. परवापासून गावासाठी खाणीतून कोळसा मी आणणार. मला तू हवा आहेस, मेदेर. परत ये. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, थर्मास भरून ठेवते. फक्त आता चहा तू ओतायचास.

तुझीच,
बुरुल