भरलेली बंदूक माझ्या कानाला

८ डिसें. सोमवार
आज पुन्हा तेच. बंदूक भरूनच गाडीवर. पाठीवर आडवी टाका म्हणलं तर बाभळीला अडकती म्हणतात, म्हणून उभी. मी मागं बसणार, नळी माझ्या कानाला. गाडी खड्ड्यात आदळली की नळी कानावर टक्क. डुकरं हरभऱ्यात येतात, माझ्या कानात न्हाई.
म्हणलं, "अहो, वावरात जाऊन भरा की."
"नुसती दारू हाय. छर्रे न्हाईत."
"मंग कानाजवळ फुटली की उदबत्तीचा वास येणार हाय का?"
ह्यांनी किक मारली.
सासऱ्याच्या, आबांच्या टायमाची ठासणीची बंदूक. परवाना पीक राखायचा. नुसता बार काढायचा, डुकरं पळतात. ते मान्य. पण बार वावरात काढायचा का बायकोच्या डोक्याजवळ?

९ डिसें.
काल डुकरं आलीच न्हाईत. बार निघाला न्हाई. ही बंदूक एकदा ठासली की रिकामी करायची एकच रीत, बार काढायचा. ह्यांना दारू वाया घालायचं जिवावर येतं. मंग सकाळी भरलेलीच घरला. खुंटीला टांगली, खाली मी भाकरी थापून राहिले. अर्धा जीव तव्यावर, अर्धा खुंटीवर.
येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, १९ ला. रेणापूरची लेक येणार, दोन्ही लेकरं घेऊन. लेकरांचा हात कुठं कुठं जातो ते ह्यांना कोण सांगणार. मी सांगितलं. "हूं" म्हणले.

११ डिसें.
गाडी पडली. कॅनॉलचं पाणी सुटलंय, नाल्याच्या चढाला गारा. मी ढुंगणावर, हे गुडघ्यावर, बंदूक तोंडानं चिखलात. फुटली न्हाई. का न्हाई फुटली देवाला ठाऊक. मी तशीच बसून राहिले, उठायचं सुचलंच न्हाई.
अन् हे काय करतात, तर दस्ता टॉवेलनं पुसला अन् म्हणले, "चल, बार काढून टाकतो."
शेजारच्या वावरातून गफूरचाचा पळत आले, हात धरला. "येडे हो गए क्या? नळी में मट्टी है. नळी फटेगी, मुँह पे आयेगी."
चाचाकडं बी अशीच परवान्याची बंदूक हाय. त्यांनी आधी वरची केप काढली. टिकलीएवढी तांब्याची टोपी, घोडा तिच्यावर पडला की जाळ. मंग नळीत पाणी ओतलं, दारू भिजू दिली, गजाला पेच लावून सगळं ओढून काढलं. दोन तास गेले.
जाताना मला म्हणले, "भरी बंदूक गाडी पे नको भाबी. केप अलग, बंदूक अलग. वावर में जा के भरो."
मी दोन वर्षं हेच सांगून राहिले. चाचानं सांगितलं तवा ह्यांची मान खाली.

१२ डिसें.
जुन्या गोधडीची खोळ शिवली. रिकामी बंदूक खोळीत, खोळ गाडीच्या बाजूला दोन नाड्यांनी आवळून, तोंड पुढच्या चाकाकडं. केपा चुन्याच्या डबीत, डबी ह्यांच्या आतल्या खिशात. वावरात उतरल्याबिगर डबी उघडायची न्हाई.
दाखवलं. "हाव" म्हणले.
इतक्या लवकर हाव? लग्न झाल्यापासून कवा म्हणले न्हाईत. कुठंतरी पाणी मुरतंय.

१४ डिसें. रविवार
कळलं.
बंदूक रिकामी नेली. दिवस चांगला कासराभर वर होता. हे खोपीपाशी भरायला बसले. मी तुरीच्या शेंगा तोडत होते. बघते तर अर्धी दारू मांडीवर. केप लावताना पडली. पुन्हा पडली. मातीत चाचपून राहिले, केप ढळढळीत पायापाशी.
"अहो, अंगठ्यापाशी हाय."
"कुठं?"
आता ध्यानात आलं. घरी बल्बखाली, दार लावून, घंटाभर चाचपून भरतात. वावरात जमत न्हाई, म्हणून भरलेली नेतात. परवा वाद घातला असता तर हे कारण सांगावं लागलं असतं, म्हणून लगेच हाव.
"कवापासून दिसत न्हाई?"
"दिवाळीपासून."
"कोणत्या दिवाळीपासून?"
मांडीवरची दारू मुठीत गोळा केली. मंग हळूच म्हणले, "परवान्याला डोळे तपासले तर? आबांची बंदूक माझ्या हातानं जाईल."
मी वरडले न्हाई. म्हणजे थोडंच वरडले. बंदुकीचं राहू द्या, त्याच डोळ्यांनी गाडी चालवून राहिलेत, मागं मी.

१५ डिसें.
बंदूक घरीच. दोघं चालत गेलो. मी थाळी वाजवली, ह्यांनी तेलाचा डबा. डुकरं नाला ओलांडून पळाली. गफूरचाचा लांबून म्हणले, "बारात किसकी निकली?" हे हसले.
चाचाचा मोतीबिंदू गेल्या साली निघाला. आता सुईत दोरा वोवतात, मला मुद्दाम वोवून दाखवला. ह्या रविवारी लोह्याला डोळ्यांचं शिबीर हाय. नावं गुरुवारपर्यंत घेणार.
ह्यांना विचारलं. "बघू."

१७ डिसें. बुधवार
सकाळी बांधावर दोघं बिडी वढत होते. मी तुरीत. हे चाचाला विचारत होते, "सुई मारतात का? दुखतं का? बंदुकीचं काय म्हणले नंतर?"
चाचा म्हणले, "दुखता नई. और बंदूक को क्या हुआ? पहिले से अच्छा दिखता."
ह्यांनी विझलेली बिडी पुन्हा पेटवली. माझ्या मनात आलं, येतील. तोंडानं न्हाई म्हणतील, पण येतील.
तोंडावर विचारलं तर पुन्हा बघूच ऐकायला येईल. म्हणून हे पान फाडून ह्यांच्या उशाला ठेवते. खालचं जाड पेनानं, बोटाएवढ्या अक्षरात लिहिलंय. न वाचायला कारण न्हाई.

उद्या गुरुवार. दिवस मावळायच्या आत सांगा.
हो असंल तर मी नाव देऊन येते. रविवारी चाचा गाडी चालवतील, तुम्ही मागं बसा, मी एस.टी.नं येते.
न्हाई असंल तर बंदूक ठाण्यात जमा. अर्ज मी लिहिते, सही तुम्ही करा.
बघू चालणार न्हाई. हो का न्हाई, गुरुवारी.