टर्की गराजमध्ये मजेत आहे

१७ नोव्हेंबर, रविवार

ब्रिटाचा फोन. यंदा थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे अख्खा टर्की पक्षी भाजून खायच्या सणाचं, जेवण माझ्याकडे. ती आपणहून म्हणाली. म्हणजे मी तीनदा विषय काढल्यावर आपणहून म्हणाली.

घटस्फोटानंतरची चारही वर्षं ती आणि जावई कर्टिस सणाला तिच्या आईकडे, मार्लिसकडे गेले. पूल ओलांडला की मार्लिसचं घर. आता फेब्रुवारीत बाळ येणार. ब्रिटा म्हणाली, डॅड, बाळ झाल्यावर सणाला दोन-दोन घरं करणं आम्हाला झेपायचं नाही, एकच घर ठरवावं लागेल. कुठलं, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण मी काही दूधखुळा नाही. माझं नातवंड जन्मभर टर्की कुठे खाणार, हे या एका टर्कीवर ठरणार आहे.

काळजीचं कारण नाही. मार्लिसने एकतीस वर्षं टर्की केली आणि मी एकतीस वर्षं शेजारच्या खोलीतून लक्ष ठेवलं. शिवाय मी आयुष्यभर घरं गरम करायच्या भट्ट्या विकल्या. उष्णतेबद्दल मला कोणी शिकवू नये. आणि मार्लिस गेली तेव्हा ओव्हन इथेच राहिला. यावरून काय ते समजावं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ब्रिटाचा परत फोन. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय म्हणे, टर्कीच्या पोटात सारण भरू नका. आत नीट तापत नाही, जंतू राहतात, पोटुशीला ते भारी पडतं. सारण वेगळ्या भांड्यात भाज. आई तसंच करते.

मी हो हो म्हटलं.

वेगळं भाजलेलं सारण म्हणजे नुसता ओला पाव. माझी आई पोटातच भरायची आणि आमच्यातलं कोणी मेलं नाही. एल्मरकाका मेला, पण तो मार्चमध्ये. मी पोटातच भरणार. थर्मामीटर विकत घेणार. सारणाच्या मधोमध एकशे पासष्ट डिग्री फॅरनहाइट झालं की जंतू खलास. ब्रिटा पहिला घास खाईल, डोळे मिटेल, विचारेल की डॅड, हे कसं केलंस. तेव्हा सांगेन.

२३ नोव्हेंबर, शनिवार

टर्की आणली. बावीस पौंड, गोठवलेली. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, किती माणसं? मी म्हटलं, सगळं कुटुंब. तिघं आहोत, पण पोटातलं धरलं तर चौघं.

फ्रिजमध्ये मावेना. एक फळी काढली तर मावली असती, पण त्या फळीवर बिअर आहे. गराजमध्ये ठेवली. नोव्हेंबर लागला की इकडे थंडगार डुलुथमध्ये सगळेच गराजला दुसरा फ्रिज मानतात. वेष्टनावर लिहिलंय, वितळायला फ्रिजमध्ये पाच दिवस. गराज म्हणजे फ्रिज. बुधवारपर्यंत लोण्यासारखी मऊ होईल. घोडं कुठेच अडत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

थंडीची लाट. गावाशेजारच्या सरोवरावरून असा वारा येतोय की नाक जागेवर आहे का, ते चाचपून बघावं लागतं. दोनदा गराजमध्ये डोकावलो. टर्की मजेत आहे.

मार्लिसचा फोन. जेवणानंतरच्या गोडासाठी भोपळ्याचा पाय पाठवू का? मी म्हटलं, गरज नाही, सगळं हातात आहे. मग तिने विचारलं, ऑरिन, टर्की कुठे ठेवलीयस? मी म्हटलं, जागेवर. ती म्हणाली, गराजमध्ये नाही ना ठेवलीस? मी म्हटलं, तू मला समजतेस तरी काय. ती म्हणाली, तेच समजते. एकतीस वर्षांत या बाईने माझ्यावर एकदा विश्वास ठेवला असेल तर शपथ.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

टर्कीवर टकटक केलं. दारावर केल्यासारखा आवाज आला. वरचा थर कडक असणारच. वितळणं आतून सुरू होत असावं.

सारणाची तयारी. पाव चिरला, कांदा, सेलरी, लोणी. अर्धं चाखण्यातच संपलं, परत केलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

गराजमध्ये पुसायच्या पाण्याची बादली होती, मॉप आतच बुडवलेला. मॉप उचलायला गेलो तर बादलीही वर आली. बराच वेळ मॉपला लटकलेल्या बादलीकडे बघत उभा राहिलो. मग अर्थ लागला. गराज हा फ्रिज नाही. फ्रीझर आहे. टर्की दुकानातून आणली तेव्हा होती त्यापेक्षाही कडक झाली आहे.

पाचावर धारण बसली.

दुपार

टर्की बाथटबमध्ये. थंड पाणी, दर अर्ध्या तासाने बदलायचं. गरम पाण्याचा नळ शेजारीच आहे आणि तो मला सारखा खुणावतोय. पण वेष्टनावर लाल अक्षरांत लिहिलंय, गरम पाणी नको, जंतू माजतात. ब्रिटा डोळ्यांसमोर आली. नळाला हात लावला नाही. कमोडच्या झाकणावर बसून आहे. बोटं जांभळी. माझी. टर्कीची परिस्थिती बरी वाटते.

संध्याकाळ

एक तंगडी हलली. मला रडू आलं.

पोटात काळीज-कोथळ्याची कागदी पिशवी असते, ती आधी काढायची. ती पाठीला चिकटून बसलीय. ओढली तर अर्धी हातात आली, अर्धी आतच. उरलेली उद्या. टर्की आता फ्रिजमध्ये. बिअर गराजमध्ये.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी दहा

गराजमधल्या बाटल्या फुटल्या. त्याचं दुःख करायला वेळ नाही.

टर्कीच्या पोटात अजून मुठीएवढी खळगी आणि भोवती बर्फ. आत हात घालून चमच्याने खरवडलं. उरलेली पिशवी निघाली. मग डोक्यात प्रकाश पडला. सारण गरमागरम भरायचं, म्हणजे आतला बर्फ सारणाच्या उष्णतेने वितळेल. भट्ट्या विकलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. ठासून भरली, शिवली, ओव्हनमध्ये सारली.

या टर्कीच्या छातीत कंपनीने एक लाल बटण खुपसलेलं असतं. मांस शिजलं की ते आपोआप वर येतं. माणसाने नुसतं बसायचं आणि बघायचं.

दुपारी एक

ब्रिटा आणि कर्टिस आले. ब्रिटाचं पोट चांगलंच दिसतंय. तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. बाळाने लाथ मारली. मी ओव्हनकडे बघायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

कर्टिसने विचारलं, जेवण कधी? मी म्हटलं, तीनला. ब्रिटाने विचारलं, सारण वेगळं भाजतोयस ना? मी म्हटलं, वास बघ कसा सुटलाय.

साडेतीन

बटण वर आलेलं नाही. कर्टिसने दाण्यांची वाटी संपवली.

सव्वाचार

बटण वर आलं.

संध्याकाळी सहा. हे मार्लिसच्या बाथरूममध्ये बसून लिहितोय.

झालं ते असं. टर्की बाहेर काढली. वरून सोनेरी, रसरशीत, कुठे करपली नाही. ब्रिटा म्हणाली, डॅड, अगदी आईच्या टर्कीसारखी दिसतेय. माझी छाती फुगली. ती आणि कर्टिस टेबलाशी जाऊन बसले. मी एकटाच स्वयंपाकघरात. मनाची खात्री म्हणून थर्मामीटर सारणात खुपसला.

अठ्ठ्याण्णव.

म्हणजे टर्कीला ताप नव्हता, एवढंच कळलं. दुसऱ्या बाजूने खुपसला. शंभर. थोडी कणकण. कितीही जागा बदलल्या तरी एकशे पासष्ट काही येईना. टोक खोल गेलं तिथे कर्रकन आवाज आला. आत बर्फ होता.

बटण तर वर आलेलं. थर्मामीटर खिशात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. मी हेही लिहून ठेवतो की पाचेक मिनिटं मी तोच विचार केला. छातीचं मांस तेवढं वाढू. सारण थोडंच; ते एका वाडग्यात काढलंही. एकशे पासष्ट ही काय देवाने आखलेली रेघ आहे? ती थर्मामीटरवाल्यांनीच पसरवलेली असेल. मग ब्रिटा आत आली. भूक धरवत नाही म्हणाली, आणि तिने चमचाभर सारण ताटलीत घेतलं. वाडग्यातलं, वेगळं भाजलेलं समजून. तोंडाजवळ नेलं.

मी ताटली हिसकावली. तिला वाटलं मला वेड लागलं. मी म्हटलं, खाऊ नकोस, शिजलेलं नाही, मी आतच भरलं होतं, तुझ्याशी खोटं बोललो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. ती सिंकशी गेली आणि हात धूत राहिली.

कर्टिसने मार्लिसला फोन लावला. ती म्हणाली, या सगळे, ऑरिनलाही आणा.

तर आता मी इथे. मार्लिसच्या नवऱ्याने, डेलने, आपली खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. चांगला माणूस आहे, हीच पंचाईत. सारण वेगळ्या भांड्यात होतं. चवीपुरतं घेतलं. मग परत घेतलं. मग तिसऱ्यांदा घेताना मार्लिसने पाहिलं आणि भांडंच माझ्याकडे सरकवलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

काल निघताना परत ओव्हनमध्ये ढकललेली टर्की अजून तिथेच आहे. दार उघडायची हिंमत नाही.

ब्रिटाचा फोन. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, डॅड, पुढच्या वर्षीपासून सण आईकडे, ठरलं. मी म्हटलं, बरोबर आहे. तेवढ्यात ती म्हणाली, आणि तूही यायचंस, दरवर्षी, बाळाला आजोबा हवाच.

मग विचारलं, मी काय करून आणू? भोपळ्याचा पाय? नको म्हणाली. बटाटे? नकोच. पाव? पलीकडे दोघांचं कुजबुजणं ऐकू आलं.

डॅड, ती म्हणाली, तू बर्फ आण. पेट्रोल पंपावर पिशवीत तयार मिळतो.

मी म्हटलं, दोन पिशव्या आणतो.

ती म्हणाली, एकच.