नाव चढेपर्यंत तोंड बंद

१९ मार्च

पास झाले! दुसऱ्या खेपेला, पण झाले. दुपारी फार्मासिस्टच्या परीक्षेचा निकाल लागला. फोनवर आधी मी नंबर बघितला, मग मिकामी-सेन्सेईंना बघायला लावला, मग दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईंनाही. तिघांना तोच नंबर दिसला तेव्हा कुठे विश्वास बसला.

सेन्सेई म्हणाले, "बरं झालं. दाराशी खोकी आलीत, ती आत घे." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. बेटावरचं एकुलतं एक औषधाचं दुकान इतकी वर्षं चालवतोय, पण कौतुक करायची वेळ आली की घशात माशाचा काटा अडकतो. संध्याकाळी मात्र माझ्या टेबलावर लाल चवळी घातलेल्या भाताचा डबा. शुभ प्रसंगाचा. स्वतः रांधलेला, खाली लागलेला. सगळा खाल्ला.

ताइनानला घरी आईला फोन केला. आधी रडली. मग, "आपलं दुकान इथे, आणि तू परक्या देशात दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधणार!" फोन ठेवायला विसरली. शेजारणीला सांगताना ऐकू येत होती — "माझी आ-फेन जपानमध्ये पास झाली, जपानमध्ये!"

२१ मार्च

पास झालं म्हणजे फार्मासिस्ट झालं असं नाही. टोकियोच्या सरकारी रजिस्टरात नाव चढायला हवं. ते चढल्याचं पोस्टकार्ड घरी यायला हवं. तोवर मी आहे तीच — काउंटरवरची कारकून.

आणि सेन्सेईंनी तर सगळ्या बेटाला सांगून टाकलंय, तीस एप्रिलला थांबणार. गुडघे थकले म्हणतात. त्याआधी माझं नाव चढलं तर दुकान माझ्या हाती. नाही चढलं तर शटर खाली, परवाना परत. मग रक्तदाबाच्या गोळीसाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तासभर बोटीत बसायचं. आठवडाभर थांबा ना म्हटलं, तर "ठरलं म्हणजे ठरलं." हट्टी!

२२ मार्च

अर्जाला डॉक्टरांचा दाखला लागतो — डोकं ठिकाणावर आहे, कसलं व्यसन नाही. हिराओका डॉक्टर मंगळवार-शुक्रवार बोटीने येतात. आज गाठलं.

"अफू?"

"नाही."

"दुसरी काही नशा?"

"चहा."

"ताइनानसारखं शहर सोडून या बेटावर आपण होऊन आलात? कोणी धरून नाही आणलं?"

"आपण होऊन."

"मग डोकं ठिकाणावर आहे असं मी लिहू तरी कसं?"

बाहेर बसलेल्या साऱ्या आज्या खदखदून हसल्या. कान लावूनच बसल्या होत्या. दाखला दिला, सहीशिक्क्यासकट.

२५ मार्च

कागद दिले. मात्सुयामा शहरातल्या आरोग्य कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी एकेक पान उलटून पाहिलं. "महिनाभर लागेल. जास्तही लागू शकतो." पोस्टकार्डावर आपला पत्ता आपणच लिहून, तिकीट लावून ते द्यायचं असतं. इतकं सुवाच्य मी जन्मात लिहिलं नव्हतं.

२ एप्रिल

तोंड बंद ठेवणं त्या परीक्षेपेक्षा अवघड आहे. औषध कसं घ्यायचं हे इथे फार्मासिस्टनेच सांगायचं. कारकुनाच्या तोंडून "जेवणानंतर" एवढंसुद्धा निघता कामा नये. आणि मी पडले आईची मुलगी! आमच्या दुकानात ती एक गोळी देताना गिऱ्हाइकाची झोप, पोट, सून सगळ्यांची चौकशी करते.

आज सेन्सेई चढावरच्या घरात औषध पोचवायला गेले होते. तेवढ्यात तोशिएआजी आल्या. वय पंच्याऐंशी, संत्र्याच्या बागेत अजून शिडीवर चढतात.

"लाइ-सान, ही पांढरी गोळी घेतली की गरगरतं बघ. अर्धीच घेऊ का?"

"सेन्सेई येतीलच इतक्यात."

"पास झालीस ना तू? मग तोंड का शिवून घेतलंयस?"

"नाव चढायचंय अजून."

"हे काय, पांढऱ्या झग्यावर लिहिलंय की तुझं नाव!"

धावत चढ चढले आणि सेन्सेईंना घेऊन आले. त्यांनी विचारलं, "कसं काय, तोशिए-सान?" तर या बाई कमरेत वाकून म्हणतात, "तुमच्या कृपेने अगदी छान!" गरगरण्याबद्दल अवाक्षर नाही. मला तर तिथेच डोकं आपटावंसं वाटलं. त्या गेल्यावर सेन्सेईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच हिराओका डॉक्टरांना फोन लावला. मग चष्मा पुसत म्हणाले, "मला सगळे छानच सांगतात. तुला खरं सांगतात. उगाच नाही ठेवलं तुला."

इथे येऊन दोन वर्षं झाली. एवढं मोठं वाक्य पहिल्यांदा ऐकलं त्यांच्याकडून. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते माझे.

१२ एप्रिल

पोस्टकार्ड नाही.

१६ एप्रिल

नाही. पोस्टमन कितानी-सान आता लांबूनच मान हलवतात. आज म्हणाले, "विजेचं बिल आणलंय, चालेल?"

२२ एप्रिल

औषध पुरवणारा माणूस विचारून गेला, तीस तारखेला कपाटं रिकामी करायची ना? सेन्सेई म्हणाले, "बघू." दुपारी तोशिएआजी आणि आणखी दोघी धक्क्यावर बोटीचं वेळापत्रक वाचत उभ्या दिसल्या. एकमेकींना विचारत होत्या, परतीची शेवटची बोट कितीला. मागच्या खोलीत जाऊन रडले. दोन वर्षं परक्या भाषेत घोकंपट्टी केली ती काय शटर ओढायला?

आईला सांगितलं. वाटलं, म्हणेल परत ये. तर म्हणे, "त्या आज्यांना सोडून येशील तर दारात उभी करणार नाही. जेवलीस का?"

२६ एप्रिल

आलं! आलं! आलं!

दुपारच्या बोटीने. कितानी-सानांनी धक्क्यावरूनच हात वर केला, आणि मी काउंटरवर गिऱ्हाईक सोडून पळत सुटले. माझ्याच अक्षरातला माझा पत्ता, मागे छापील — नाव नोंदलं गेलं आहे. क्रमांक, तारीख, सगळं. कितानी-सानांना मिठी मारली. इथे असं कोणी करत नाही. ते बिचारे लालबुंद होऊन पुतळ्यासारखे उभे राहिले.

परत आले तर गिऱ्हाईक तिथेच बसलेलं. तोशिएआजीच! "चढलं का नाव?" म्हणाल्या. "चढलं!" म्हटलं, तर टाळ्या वाजवत रस्त्यावर गेल्या आणि मासळीवालीला सांगितलं. म्हणजे सगळ्या बेटाला कळलं.

सेन्सेईंनी पोस्टकार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. आत जाऊन बराच वेळ नाक शिंकरत बसले. बाहेर येऊन म्हणाले, "संत्र्याच्या फुलांचा त्रास होतो मला."

३० एप्रिल

त्यांनी झगा काढून घडी घातली. किल्ल्या दिल्या. भाषण नाही, काही नाही. "कुलूप जरा वर उचलून फिरवायचं." बस्स.

१ मे

पहिला दिवस. पाऊण तास बोलले! सगळा एकट्या तोशिएआजींशी. गोळी कधी, कशाबरोबर, उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. मग सरळ विचारलं, "आजी, खरं सांगा, घरी किती गोळ्या उरल्यात?" त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. घरी गेल्या आणि बिस्किटांचा एक डबा घेऊन आल्या. काठोकाठ भरलेला! गरगरायला लागलं की गोळी डब्यात. परत कशी करणार, डॉक्टरांना वाईट वाटेल ना!

दोघींनी बसून डबा निवडला. हिराओका डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन गोळ्या बंद केल्या. म्हणाले, "वर्षभर मी डोस वाढवत होतो आणि आजी डबा भरत होत्या!" तोशिएआजी जाताना म्हणाल्या, "फार बोलतेस बाई तू." आणि पिशवीभर संत्री ठेवून गेल्या. इतकी खूश मी कधी होते ते आठवत नाही.

२ मे

आज पहिलं गिऱ्हाईक सेन्सेई. टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसले आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मात्सुयामाच्या मोठ्या इस्पितळाची. कंपवाताच्या गोळ्या. दोन वर्षं शहरातून गुपचूप आणत होते. डॉक्टरांनी यंदा सांगितलं होतं, एप्रिलनंतर औषधं हाताळायची नाहीत.

"गुडघे ठणठणीत आहेत माझे," म्हणाले. "शहरात घाईत सांगतात, काही कळत नाही. तू नीट सांग."

मी काउंटरच्या बाहेर आले. शेजारी बसले. विचारलं, "गोळी घेतल्यावर कसं वाटतं?"

सेन्सेईंनी टोपी बाजूला ठेवली. मग सांगायला लागले.