अंगठा आणि सोयरीक

७ जाने. १९७४, कशेळे
डाव्या पायाचा अंगठा रात्रीत टम्म सुजला. पांघरूणसुद्धा सोसेना. सौ. म्हणाली, "वात हाय, दुसरं काय!" इथे गुडघा, कंबर, मान, काहीही धरलं की वात. आणि वातावर औषध एकच, बकऱ्याच्या पायांचं सूप. प्यालो. शाळेत एका पायात चप्पल घालून गेलो. पोरं हसली.

९ जाने.
सूप चालू, अंगठा वांग्यासारखा. आमच्या शालूचं लग्न चौक गावी जमत आलंय, मुलगा गुणाचा, आणि नेमकं आत्ताच हे.
एस.टी.ने खोपोलीला डॉ.कडे. ते लांबूनच बघून म्हणाले, "गाऊट. मटण, सूप, सुकट, दारू बंद."
म्हटलं, दारू घेतच नाही.
"सगळे असंच सांगतात, मास्तर."
म्हणजे सूप म्हणजे आगीत तेलच. घरी सांगितलं तर सौ. रडायला लागली.

१० जाने.
शाळेतल्या जाड कोशात पाहिलं. गाऊट म्हणजे वातरक्त. सौ. अगदीच चुकली नव्हती तर! डॉ. म्हणाले होते, पूर्वी हा राजेरजवाड्यांना व्हायचा. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. स्टँडवर चौघांना ऐटीत सांगितलं, वात नव्हे, गाऊट.

१५ जाने.
माझी जीभ झडो. शब्द माझ्याआधी चौकला पोचला. मुलाच्या मामाचं हायवेवर गॅरेज आहे. तो म्हणे, "गाऊट बेवड्यांना व्हतो." मध्यस्थ गणूभाऊ आज येऊन हळूच विचारतात, "मास्तर, खरं सांगा, घेता का थोडी?"
दारू सोडा, जन्मात विडीलाही शिवलो नाही! पण नाही म्हणावं तर लपवतोय, गप्प बसावं तर कबूल. रागाने उठून आत गेलो, तर ते माझी लंगडी चाल बघत बसलेले. शालू दाराआडून सगळं ऐकत होती.

१८ जाने.
सूज उतरली. चौकहून निरोप, रविवारी जेवायला या. मुलगी बघून झाली, आता बाप बघणार.

२० जाने., रवि.
ताटात मटण, वाटीत पायांचा रस्सा, खास माझ्यासाठी. मामा म्हणाला, "खावा की मास्तर. का डॉक्टरनं मना केलंय?" पंगतीतले सगळे हात थांबले.
हो म्हटलं तर रोग कबूल, रोग कबूल म्हणजे दारू कबूल. खाल्लं. वाढतील तेवढं खाल्लं, वर छान झालंय म्हटलं. निघताना म्हणाले, कळवतो.

२२ जाने.
आता दोन्ही अंगठे. रजा टाकली. शा. गार पाण्याच्या घड्या ठेवतेय. "कशाला खाल्लंत बाबा? मी सांगितलं हुतं का?" लेकरासमोर डोळ्यांत पाणी आलं.

२६ जाने.
झेंडावंदन चुकलं, नोकरीत पहिल्यांदाच.
गणूभाऊ येऊन गेले. मामा म्हणतो, "येवढं मटन हाणणारा मानूस कोरडा कसा असंल?" आता काय करू मी!
मुलाची आई मात्र म्हणते, घर बघून ठरवू. उद्या येतायत.
सौ. म्हणते, तुम्ही आत पडून राहा. पण मुलीच्या बापाने दारात जाऊन या म्हणायला नको? भिंत धरून दोन पावलं टाकून पाहिली, झोकांडी गेली. शा. म्हणाली, "मी धरते ना तुमाला बाबा."
उद्या ते अंगणात शिरणार, आणि समोर मी, पोरीच्या खांद्यावर हात टाकून, झोकांड्या खात...