भिंतीच्या पोटातला पाइप

सोमवार, ४ मार्च

भिंत ओली. पुन्हा!

गेल्या आठवड्यात बशीएवढा डाग होता, आज परातीएवढा झालाय. सकाळी टेबलाशी चहा घेताना कोपर भिंतीला टेकलं आणि बाही भिजली. ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा वर केला, डाग पाहिला, चष्मा खाली केला आणि म्हणाले, तिकडून येतंय.

आमच्या घरात वाईट म्हणून जे जे आहे ते सगळं तिकडून येतं. डास, झुरळं, फोडणीचा ठसका. तिकडून म्हणजे माझ्या दिराच्या घरातून. नऊ वर्षांपूर्वी हे एकच घर होतं. सासरे गेले आणि वर्षाच्या आत दोघा भावांनी मधोमध भिंत घातली, अगदी स्वयंपाकघराच्याही मधोमध. सासऱ्यांचं जेवणाचं टेबल कुणी घ्यायचं यावर तीन दिवस भांडले आणि चौथ्या दिवशी ते करवतीने कापलं! आमचं अर्धं टेबल दोन पायांवर उभं आहे, कापलेली बाजू भिंतीला ठोकलेली. त्यांचंही तसंच, पलीकडून. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे हे दोघे भाऊ.

माझं आणि धाकट्या जावेचं भांडण झालेलंच नाही. पण नवरे एकमेकांशी बोलेनात म्हटल्यावर आपण बोललेलं बरं दिसेना. आधी चार दिवस, मग चार महिने, मग सवयच झाली. दारंही वेगळी. आमचं रस्त्यावर उघडतं, त्यांचं मागच्या गल्लीत.

जोडलेलं राहिलंय ते एवढंच, की दोन्ही घरांचं पाणी एकाच पाइपातून येतं. ती भांडी घासायला लागली की माझा नळ मुळूमुळू रडतो. या वेळी ठिगळ नको. लाइनच वेगळी करून घ्यायची आणि एकदाचा काय तो निकाल लावायचा.

मंगळवार, ५ मार्च

प्लंबरला फोन केला. म्हणाला, "आलोच."

बुधवार, ६ मार्च

आला नाही. फोन केला. "आलोच."

गुरुवार, ७ मार्च

"आलोच."

आता याचं नावच आलोच!

शुक्रवार, ८ मार्च

आला! पन्नाशीचा, हाडकुळा, खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. उशीर का झाला हे सांगण्याच्या भानगडीतच पडला नाही. टेबलाशी बसला आणि पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत राहिला. अंगठ्याने दाबली, कान लावला, पान्याच्या मागच्या टोकाने टकटक केलं. मग विचारलं, "ही भिंत बांधताना गवंडी शुद्धीवर होता का?"

मला सांगावंच लागलं. जुन्या स्वयंपाकघराच्या मधोमध गच्चीवरच्या टाकीचा उभा पाइप होता. भिंत त्याच्या इकडून घेतली तर पाइप त्यांचा होणार, तिकडून घेतली तर आमचा. दोघा भावांपैकी एकही मागे हटेना. शेवटी गवंडी वैतागला, त्याने पाइप मध्ये घेऊन भिंत रचली. म्हणजे पाइप भिंतीच्या पोटात, त्याला दोन तोंडं, एक इकडे, एक तिकडे.

आलोच म्हणाला, "टेबल कापलंत, पाणी तेवढं कापायचं राहिलं." वर गंभीर चेहरा!

मग त्याची पद्धत सांगितली. कुठलं तोंड गळतंय ते कळायला एकीने नळ सोडायचा, दुसरीने बंद करायचा, मग उलटं करायचं. म्हणजे तिकडेही माणूस हवं. मी म्हटलं, तुम्हीच जाऊन सांगा. गेला. आमच्या दारातून रस्त्यावर, कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत. जाऊन यायला पंधरा मिनिटं, अंतर दोन विटा. निरोप घेऊन आला की ओल तुमच्याकडून येतेय असं तिकडच्या वहिनी म्हणतात. मी उलट निरोप धाडला, की तिकडच्या वहिनींना म्हणावं डोळे तपासून घ्या. तो गेला. परत आला. तिकडच्या वहिनींनी चष्मा लावलाय आणि तरीही ओल तुमच्याकडूनच आहे.

तिसऱ्या फेरीनंतर त्याने चपला काढल्या आणि खाली बसला. म्हणाला, "वहिनी, मी प्लंबर आहे, पोस्टमन नाही. उद्या भिंत फोडतो. मग काय ते तोंडाने बोला."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. वाटलं, आकाशपाताळ एक करतील. तर म्हणाले, उद्याच फोडून घ्या, तो उद्या घरी नाहीये. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारणार होते, पण ह्यांनी पेपर वर केला होता.

शनिवार, ९ मार्च

फोडली.

दोन तास घण. सगळीकडे लाल भुगा — साखरेच्या डब्यातसुद्धा! आधी आमची वीट निघाली, मग पाइप दिसला, गंजून चाळण झालेला. मग पलीकडची वीट निघाली आणि भसकन उजेड आला. भोकातून आधी एक हात दिसला. मग वाकून बघणारा चेहरा. केस अर्धे पांढरे! ही कधी पिकली? माझ्या डोळ्यांसमोर ती अजून तिशीतलीच होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या मनातही तेच चाललं असणार, कारण माझे तर सगळेच पांढरे आहेत.

आलोच मध्ये ओरडला, नळ सोडा. मी सोडला. तिने बंद केला. मग उलटं. नऊ वर्षांनी माझी जाऊ माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, ते असं: "थेंब थेंब येतंय."

मी म्हटलं, "इकडेही."

दोन्ही तोंडं गळत होती. म्हणजे आम्ही दोघीही खऱ्या आणि दोघीही खोट्या. आलोचने जॉइंटला कापड गुंडाळलं, सुटा भाग आणायला हवा म्हणाला, पिशवी उचलली. भोक तसंच. आलोच, म्हणाला.

रविवार, १० मार्च

दोघेही नवरे घरी. आमच्या बाजूने भोकावर कॅलेंडर, त्यांच्या बाजूने ताट. ह्यांनी जेवताना पूर्ण वेळ मार्च महिन्याकडे बघितलं.

सोमवार, ११ मार्च

हे ऑफिसला गेले आणि पाच मिनिटांत पलीकडचं ताट सरकल्याचा आवाज आला. मी कॅलेंडर उचललं.

"ताई, चहा झाला का?"

झाला होता. नाही म्हटलं.

भोकातून कप येतो, बशी अडकते. म्हणून बशीशिवाय प्यायलो. ती तिच्या अर्ध्या टेबलाशी, मी माझ्या. आधी दोघी हवापाण्याचंच बोलत होतो, पाहुण्यांसारखं. मग तिने विचारलं, ताई, गुडघे कसे आहेत? हिला कसं माहीत? म्हणे, तुम्ही जिना चढताना पूर्वी गुणगुणायचात, आता कण्हता, ऐकू येतं. मग मात्र बांध फुटला. अकरा वाजता बसलो ते अडीच वाजले. दोन्हीकडे भाजी करपली.

मी विचारलंच. का गं, नऊ वर्षांत एकदाही हाक मारावीशी वाटली नाही? ती म्हणाली, "तुम्ही मोठ्या. मला वाटायचं, तुम्ही आधी बोलाल."

आणि मला वाटत होतं, ती धाकटी, तिने आधी यावं! दोघींनी आपापला मान जपून ठेवला.

आणि नवरे. ती म्हणाली, भावाचं नाव काढलं की ह्यांना घास उतरत नाही, म्हणून मी विषयच काढत नाही. आमच्याकडेही तेच. हे तर ताटावरून उठतात. एवढी खोल जखम आहे म्हटल्यावर आपण कशाला मीठ चोळा?

तीनला तिची मुलगी शाळेतून आली. भिंत घातली तेव्हा चार वर्षांची होती. माझ्याच कुशीत झोपायची, आईकडे जायचीच नाही. आता तेरा. भोकात एक डोळा दिसला आणि आवाज आला, "मोठी आई?"

मी रडले. खोटं कशाला लिहू? भरपूर रडले.

बुधवार, १३ मार्च

आलोचला फोन केला. म्हटलं, घाई नाही, सावकाश या. तो घाबरलाच! काही चुकलं का, दुसरा प्लंबर लावलात का, असं तीनदा विचारलं. त्याच्या उभ्या आयुष्यात असा फोन आला नसेल.

शुक्रवार, १५ मार्च

मेला, वेळेवर आला! सांगितलं होतं ना सावकाश? धसकाच घेतला होता त्याने. नवा भाग घेऊन सकाळी आठला दारात हजर. दहा मिनिटांत गळती बंद. मग टेप काढून वेगळ्या लाइनचं माप घ्यायला लागला. मी म्हटलं, राहू द्या, वेगळी लाइन नको. तो म्हणाला, "तुम्हीच तर म्हणाला होतात." म्हटलं, मी काय काय म्हणत असते.

भोकाचं विचारलं तर म्हणाला, आतली ओल वाळायला चार-पाच दिवस लागतील, मग बुजवतो. पाच दिवस मिळाले.

शनिवार, १६ मार्च

रात्री जेवताना धीर केला. ह्यांना म्हटलं, राहू दे ना तेवढं भोक. खिडकी समजू.

हे थांबले. हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "बुधवारी भिंत बुजलेली पाहिजे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." आणि उठले. चेहरा असा की मलाच अपराधी वाटलं. सख्ख्या भावाने दुखावलेला माणूस, आणि मी तिथेच बोट खुपसतेय. ताटं उचलली.

सोमवार, १८ मार्च

धाकटीला सांगितलं. म्हणाली, आमच्याकडेही हेच. शब्दसुद्धा तेच, बुधवार आणि तत्त्व. एका आईची लेकरं, आणखी काय!

ती म्हणाली, मग बुधवारपर्यंत बोलून घेऊ. मी म्हटलं, आणि नंतर? दाराने ये-जा करू. तिने भोकाच्या कडेचा भुगा बोटाने झाडला. मग म्हणाली, "ताई, ह्यांना कळलं तर खचतील हो." खरं आहे. मलाही ह्यांच्या पाठीमागे काही करवायचं नाही. एकतीस वर्षांत केलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

शेवटचा दिवस. गंमत म्हणजे आज बोलायला काही सुचेना. ती तिकडे भाजी निवडत होती, मी इकडे. पोरगी शाळा बुडवून घरी बसली होती. तिने भोकातून मनगटापर्यंत हात घातला आणि माझी बोटं धरून ठेवली. म्हणाली, आपण बाबांना आणि काकांना एकदा समोरासमोर बसवू ना. आम्ही दोघींनी तिला गप्प केलं. म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टी असतात, तुला नाही कळायच्या.

मला हे भोक बुजायला नको आहे. कुणाला सांगू? इथे लिहिते. मला ती परत जायला नको आहे.

बुधवार, २० मार्च

आलोच संध्याकाळी पाचला सिमेंट घेऊन आला. मी म्हटलं, आजचा दिवस थांबा, साहेबांना पुन्हा एकदा विचारते. तो घमेल्यात पाणी ओतता ओतता म्हणाला, कशाला, मीच काल विचारलं की. दोघेही कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात होते ना.

दोघे म्हणजे?

"दोघे भाऊ. रोज सहाला येतात. नऊ वर्षं बघतोय, एक चहा दोघांत घेतात. मी म्हटलं, राहू द्या की भोक. तर दोघेही म्हणाले, आमचं काही नाही हो, पण बायकांचं एकमेकींशी पटत नाही."

भोकापलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग अगदी शांत आवाजात धाकटी म्हणाली, "ताई, पायात चपला घाला. मी पुढच्या दाराने येते."

पावणेसहा झालेत. आम्ही दोघी चहाला निघालोय.