डावीकडे गर्भ, उजवीकडे बाळ

३ मार्च, सोमवार
गर्भपाताच्या नव्या कायद्यावर अख्खं पान काढायचं ठरलं. मतांचं पान, म्हणजे माझ्याच गळ्यात! संपादक म्हणाले, "समतोल हवा. एक लेख बाजूने, एक विरोधात." बाजूने प्राध्यापक, विरोधात निवृत्त न्यायाधीश. दोघांचं मिळून वय एकशे त्रेचाळीस. दोघेही पुरुष — हाही एक समतोलच म्हणायचा.

५ मार्च
शब्दावरून जुंपली. प्राध्यापकांचा फोन — "गर्भच छापा. बाळ छापलंत तर लेख परत घेईन." न्यायाधीशांचा फोन — नेमका उलटा! शेवटी संपादकांनी तोडगा काढला: डावीकडे गर्भ, उजवीकडे बाळ. मधल्या रेघेवर बाळंतपण होतं की काय, देव जाणे!
चित्रकाराने नेहमीचंच चित्र दिलं. फुगलेलं पोट, त्यावर हात. वर मान नाही, डोकं नाही. विचारलं तर म्हणतो, "चेहरा दाखवला की बाजू घेतल्यासारखं वाटतं."

७ मार्च
पान आलं. मला तरी झकास वाटलं. आईने चष्मा पुसून दोन्ही लेख शेवटपर्यंत वाचले. मग एवढंच — "यातल्या कुणाला कधी दिवस गेले होते का रे?"
हसून हसून पुरेवाट! ऑफिसात सांगितलं, तिथेही सगळे हसले. संपादक सोडून.

८ मार्च
प्राध्यापक रुसलेत. न्यायाधीशांचा फोटो म्हणे मोठा. पट्टी लावून पाहिलं. खरंच मोठा — अर्धा सेंटिमीटर.

१० मार्च
पत्रांचा नुसता पाऊस. निम्मी 'खुनी' म्हणणारी, निम्मी 'बुरसटलेले' म्हणणारी. दोन ढीग केले, काम सोपं. एकच पत्र कुठल्या ढिगात जाईना. ईमेलने आलेलं, खाली नुसतं 'एक वाचक'. कायद्याबद्दल चकार शब्द नाही! तीन मुलं, त्यांची दुखणीखुपणी, नवरा सदा फिरतीवर. आणि मध्येच — "चौथ्या वेळी मी एकटीच दवाखान्यात गेले. येताना भाजी घेतली. रडले नाही, पस्तावलेही नाही. विसरलेही नाही."
संपादकांना दाखवलं. "ही बाई नक्की कुठल्या बाजूची?"
मला सांगता येईना.
"मग दवाखाना गाळा. बाकीचं छापा."
गाळलं. चाळीस शब्द उरले. मथळा दिला — 'मातृत्वाची कसोटी'. एका ओळीत फिट्ट बसला!

१२ मार्च
सकाळी आईने पेपर पुढ्यात ठेवला. "हे मथळ्याचं तुझंच ना?"
मी खुशीत म्हटलं, हो.
"आणि दवाखान्याचं का काढलंस? तुझ्या भाचीकडून मुद्दाम टाइप करून घेतलं होतं मी."
ती उत्तरासाठी थांबलीही नाही.
आम्ही तिघं भावंडं. मी शेंडेफळ.